काळा घोडा कला महोत्सवातील एक संध्याकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या काळा घोडा परिसरात दरवर्षी भरणाऱ्या कला महोत्सवाला पहिल्यांदा जाणारे, किंवा एकदा जाऊन नुसतीच गर्दी पाहून परतलेले रसिक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हे पान आयोजकांचे नाही. अनेक वर्षे नियमाने हा महोत्सव पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने ते लिहिले आहे, त्यामुळे माहितीबरोबर मतेही आली आहेत.

महोत्सव कधी असतो आणि किती दिवस चालतो?

हा महोत्सव नऊ दिवसांचा असतो. तो शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या आठवड्यातील रविवारी संपतो, म्हणजे दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच कामाचे दिवस मिळतात. १९९९ मध्ये तो सुरू झाला. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारपासूनचे नऊ दिवस हे त्याचे ठरलेले वेळापत्रक बरीच वर्षे होते आणि २०२३ चा महोत्सवही ४ ते १२ फेब्रुवारी असाच झाला. त्यानंतर मात्र तारखा थोड्या अलीकडे सरकल्या : २०२४ मध्ये २० ते २८ जानेवारी, तर २०२५ मध्ये २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी. त्यामुळे जुन्या सवयीने फेब्रुवारीतली रजा टाकून ठेवण्यापेक्षा डिसेंबरअखेरीस तारखांची खात्री करून घेणे चांगले.

परिसराला हे नाव कशामुळे मिळाले? तेथे आज दिसणारा घोडा जुनाच आहे का?

जुना नाही. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला राजपुत्र, १८७५-७६ मध्ये भारतभेटीवर आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. जोसेफ बोएम या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १८७९ मध्ये येथे उभा राहिला. लोकांनी स्वार बाजूला ठेवला आणि घोड्याचे नाव चौकाला दिले. १९६५ मध्ये पुतळा येथून हलवण्यात आला आणि तो आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. पुतळा गेल्यावरही नाव टिकून राहिले. २०१७ मध्ये बसवलेला आजचा घोडा शिल्पकार श्रीहरी भोसले यांचा असून त्यावर स्वार नाही. संध्याकाळी भेटण्याचे ठिकाण म्हणून सर्वजण याच घोड्याचे नाव सांगतात, त्यामुळे त्याच्याभोवती शेकडो माणसे एकमेकांना शोधत उभी असतात. आपल्या मंडळींना डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या कमानींखाली बोलवावे, चुकामूक होत नाही.

कार्यक्रमांना तिकीट असते का?

नसते. गायन, नृत्य, नाटक, चित्रपट, साहित्यिक गप्पा, रस्त्यावरची मांडणशिल्पे (इन्स्टॉलेशन) हे सर्व विनामूल्य असते आणि बहुतेक ठिकाणी प्रथम येणाऱ्यास प्रथम जागा मिळते. कार्यशाळा आणि वारसाफेऱ्या यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील जागा मर्यादित असल्याने आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि लोकप्रिय फेऱ्या फार लवकर भरतात. महोत्सवाची संध्याकाळ आखताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण विनामूल्य प्रवेशाची खरी किंमत रांगेतील वेळ ही असते. ज्या सभागृहात मोजक्या खुर्च्या आहेत, तेथे प्रयोगाच्या पाच मिनिटे आधी पोहोचणाऱ्या माणसाला दारातून परतावे लागते, मग तो कितीही लांबून आलेला असो.

एका संध्याकाळी किती ठिकाणे पाहून होतात?

तीन. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे उत्तर फार कमी वाटते, कारण कार्यक्रमपत्रिका उघडली की एकाच वेळी आठ-दहा ठिकाणी काहीतरी चाललेले दिसते आणि सगळी ठिकाणे नकाशावर हाताच्या अंतरावर असतात. अंतरे खरोखरच लहान आहेत. महोत्सवाचा मुख्य रस्ता असलेल्या रॅम्पार्ट रोवरून डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग दोन-तीन मिनिटांवर आहे, जहांगीर कलादालन त्याच रस्त्याच्या तोंडाशी आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय रीगल चित्रपटगृहाच्या चौकाकडे जाताना समोरासमोर लागतात, आणि हॉर्निमन सर्कल किंवा क्रॉस मैदान ही थोडी लांबची ठिकाणेही पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्यापलीकडे नाहीत. तरीही तीनच ठिकाणे होतात. प्रत्येक ठिकाणी सुरक्षा तपासणीची रांग असते, कार्यक्रम काही वेळा उशिरा सुरू होतो, आणि गर्दीतून दोनशे पावले चालायला मोकळ्या रस्त्याच्या तिप्पट वेळ लागतो.

सहा-सात ठिकाणे गाठण्याच्या इच्छेने निघालेले लोक मी दरवर्षी पाहतो. ते कवितावाचनाच्या तिसऱ्या कवितेला उठतात, नाटकाच्या दारात रांग पाहून वळतात, मैदानात गाण्याचा शेवटचा अंतरा ऐकतात आणि सगळीकडे गेलो होतो असे म्हणत परततात. त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मला खरोखर पडतो. गायक रागाचा विस्तार करू लागला की त्याला वेळ द्यावा लागतो; ती बढत ऐकायची नसेल तर तेथे जाण्याचे प्रयोजन राहत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की एका संध्याकाळी एकच कार्यक्रम असा निवडावा ज्यासाठी रांग लावून, खुर्ची मिळवून, शेवटपर्यंत बसायचे. त्याच्या आधीचे एक आणि नंतरचे एक अशी दोन ठिकाणे खुल्या जागेतली ठेवावीत, जेथे केव्हाही जाता येते आणि केव्हाही निघता येते.

मग संध्याकाळ प्रत्यक्षात कशी आखावी?

सर्वांत उपयोगी ठरलेला क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा आहे. साडेचारच्या सुमारास रॅम्पार्ट रोवर पोहोचावे. या रस्त्याचे कागदोपत्री नाव कैखुश्रू दुबाश मार्ग असले तरी महोत्सवात सर्वजण जुनेच नाव वापरतात, आणि त्या नावामागे इतिहास आहे : येथे मुंबईच्या किल्ल्याचा तट होता आणि तो १८६० च्या दशकात पाडला गेला. त्या वेळी उजेड असतो, मांडणशिल्पे नीट दिसतात, त्यांच्याशेजारी लावलेली कलाकारांची निवेदने वाचता येतात. सहानंतर हेच काम अशक्य होते, कारण प्रत्येक शिल्पासमोर छायाचित्रांसाठी माणसे उभी असतात.

साडेपाचला तेथून निघून आपण निवडलेल्या बंदिस्त कार्यक्रमाच्या रांगेत लागावे. वस्तुसंग्रहालयाचे कुमारस्वामी सभागृह, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे प्रेक्षागृह, मॅक्स म्युलर भवन, रॅम्पार्ट रोवरचेच एम. सी. घिया सभागृह अशा जागा वेगवेगळ्या वर्षी वापरल्या गेल्या आहेत. कोणत्या वर्षी कोणती कला कोणत्या सभागृहात, हे बदलत असते, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये. हा कार्यक्रम आठच्या आसपास संपतो. त्यानंतर उत्तरेकडे चालत जावे आणि शेवटचे ठिकाण मैदानाचे ठेवावे. ध्वनिक्षेपकांना रात्री दहापर्यंतच परवानगी असल्याने खुल्या मैदानातील मुख्य गायक किंवा नर्तक साधारण आठ ते दहा या वेळेतच रंगमंचावर येतात. आठला निघालेला प्रेक्षक त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचतो, शिवाय चर्चगेट स्थानकाच्याही जवळ आलेला असतो.

उलट क्रमाने जाण्याचा मोह पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना होतो, कारण क्रॉस मैदान त्यांना आधी लागते. तसे केल्यास मैदानात कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहावी लागते आणि रॅम्पार्ट रोवर ऐन गर्दीत पोहोचणे होते.

ठिकाणांच्या मधली वाट कोणती धरावी?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण त्याचे उत्तर द्यायला मला सर्वांत आवडते. महात्मा गांधी मार्गाने सरळ जाता येते, आणि बहुतेक लोक तसेच जातात. वेळ असेल तर डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावर, म्हणजे जुन्या फोर्ब्स स्ट्रीटवर वळावे. तेथे १८८४ मध्ये बांधलेले निळे-पांढरे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आहे. पुढे नगीनदास मास्टर मार्गाने वीर नरिमन मार्गावर यावे. तेथून उजवीकडे वळले की १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल आणि त्यापुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग लागते. बागेच्या पलीकडे एशियाटिक सोसायटीचा, म्हणजे जुन्या टाऊन हॉलचा, १८३३ मध्ये पूर्ण झालेला दर्शनी भाग आणि त्याच्या रुंद पायऱ्या दिसतात. पूर्वी या पायऱ्यांवर महोत्सवाचे संगीताचे आणि नृत्याचे कार्यक्रम होत असत, आणि त्या खांबांच्या पार्श्वभूमीवर नृत्य पाहिलेले लोक आजही त्याविषयी भरभरून बोलतात. वीर नरिमन मार्गावर डावीकडे वळले तर हुतात्मा चौक, १८६४ चे फ्लोरा फाउंटन आणि मग क्रॉस मैदान.

काळा घोड्याच्या चौकातच, रस्त्याला लागून, वॉटसन हॉटेलची ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम येथे दाखवली गेली. चित्रपट विभागातील कार्यक्रमाला निघालेल्या माणसाने या इमारतीकडे न पाहता पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. ग्रंथालयाला लागून असलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले आणि १९१२ मध्ये पदवीधर झाले. मराठी प्रेक्षकाला या परिसरात पाहुण्यासारखे वाटण्याचे काही कारण नाही.

साहित्याच्या कार्यक्रमांसाठी डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग इतकी नावाजलेली का आहे?

ती बाग इमारतीच्या मागे असल्यामुळे. पुढच्या बाजूने पाहिले तर पिवळसर मालाड दगडाची, टोकदार कमानींची, १८७० मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मुंबईतल्या अतिशय वाहत्या रस्त्यावर उभी आहे. आतल्या जिन्याजवळून मागे गेले की झाडांखाली खुर्च्या मांडलेल्या असतात आणि रस्त्याचा आवाज निम्म्याने कमी होतो. तो पूर्ण थांबत नाही. कवीला मधूनच एखाद्या हॉर्नपुढे थांबावे लागते. परंतु शे-दीडशे माणसे जवळजवळ बसलेली असताना, लेखक आणि श्रोता यांच्यात रंगमंचाची उंची नसताना, प्रश्नोत्तरे जितकी मोकळी होतात तितकी ती मोठ्या सभागृहात होत नाहीत. येथे चांगल्या चर्चेला अर्धा तास आधी जावे. खुर्ची मिळाली नाही तरी कडेने उभे राहता येते, आणि बागेतली गर्दी तशी समजूतदार असते.

एकच दिवस जाता येणार असेल तर कोणता निवडावा?

मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवारी रॅम्पार्ट रोवर प्रवेशासाठीच लांब रांग लागते आणि आत गेल्यावर माणूस स्वतःच्या गतीने चालत नाही, गर्दी त्याला चालवते. नोकरीमुळे शनिवार-रविवारच शक्य असेल तर सकाळी दहा-अकराला यावे, मांडणशिल्पे पाहून घ्यावीत, दुपार वस्तुसंग्रहालयात घालवावी आणि संध्याकाळी रस्त्याचा भाग पूर्ण टाळून थेट सभागृहात किंवा मैदानात जावे. वस्तुसंग्रहालयाला एरवीचे तिकीट असते, पण जॉर्ज विटेट यांनी रचलेली ती इमारत आणि आतील लघुचित्रे पाहता ते पैसे सत्कारणी लागतात.

कार्यक्रम आवडला नाही तर मध्येच उठून जावे का?

मैदानात आणि रस्त्यावर खुशाल जावे, तेथे येणे-जाणे गृहीतच धरलेले असते. सभागृहात मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. संगीताच्या मैफलीत एक रचना संपून दुसरी सुरू होण्याआधी उठावे, आणि नाटकाच्या प्रयोगात रंगमंचावर अंधार होईपर्यंत थांबावे. प्रवेश विनामूल्य असल्यामुळे काही प्रेक्षकांना आपण कलाकाराचे काही देणे लागत नाही असे वाटते आणि ते फोनवर बोलत रांगेतून वाट काढतात. ज्या नर्तकीने वर्षानुवर्षे रियाज करून तो एक तास उभा केलेला असतो, तिला समोरच्या रांगेतून उठणारी माणसे स्पष्ट दिसतात. पुढच्या कार्यक्रमाला वेळेवर पोहोचायचे आहे हे आधीच माहीत असेल, तर बसतानाच मागची किंवा कडेची जागा धरावी.

खुर्ची अडवून ठेवण्याबद्दलही सांगायला हवे. दुपट्टा, पिशवी, पाण्याची बाटली ठेवून न आलेल्या सहा माणसांची जागा धरणे या महोत्सवात सर्रास चालते, आणि त्यामुळे तासभर रांगेत उभ्या असलेल्या ज्येष्ठ माणसाला परत जावे लागते. स्वयंसेवक तरुण विद्यार्थी असतात, त्यांना वाद घालणे जमत नाही. हे आपणच टाळायचे आहे.

मराठी कार्यक्रम असतात का?

असतात, नाटक, कविता, अभिवाचन आणि संगीत या विभागांत ते शोधावे लागतात. इंग्रजी आणि हिंदीच्या मानाने त्यांची संख्या कमी असते, ही गोष्ट खरी आहे आणि मला ती खटकते. परंतु त्यावरचा उपाय प्रेक्षकांच्याही हाती आहे. मराठी कार्यक्रमाच्या वेळी खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर पुढच्या वर्षी संयोजकांना तसे कार्यक्रम वाढवण्यास कारण मिळते. गिरगाव, दादर, डोंबिवलीहून येणाऱ्या मंडळींनी कार्यक्रमपत्रिका आली की आधी मराठी कार्यक्रमांवर खूण करावी आणि त्यांपैकी एक तरी आपला मुख्य कार्यक्रम म्हणून निवडावा. शास्त्रीय संगीत आणि नृत्य यांना भाषेची अट नसतेच.

खाण्याची सोय कशी आहे?

महोत्सवाच्या आवारात खाद्यपदार्थांचे ठेले असतात, पण ते महाग असतात आणि रांगेत वेळ जातो. मुख्य कार्यक्रमाला बसण्यापूर्वी, म्हणजे पाचच्या आसपास, काही खाऊन घेणे हिताचे ठरते. फोर्टच्या गल्ल्यांमध्ये कचेऱ्यांतल्या लोकांसाठी चालणारी साधी उपाहारगृहे भरपूर आहेत आणि वडापाव, सँडविच, चहा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. निवांत जेवायचे असेल तर रॅम्पार्ट रोवरच 'चेतना' हे शाकाहारी थाळीचे जुने उपाहारगृह आहे. मात्र महोत्सवाच्या दिवसांत तेथे थांबावे लागते. क्रॉस मैदानाजवळची खाऊगल्ली हा शेवटच्या टप्प्यावरचा सोयीचा पर्याय आहे. पाण्याची बाटली घरून आणावी.

खरेदी केव्हा करावी?

हस्तकलेचे ठेले संध्याकाळच्या सुरुवातीलाच पाहावेत, पण विकत घेतलेली वस्तू पुढे चार तास हातात वागवावी लागेल याचा विचार करून घ्यावे. जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर वर्षभर चित्रे मांडून बसणारे चित्रकार महोत्सवाच्या झगमगाटात दुर्लक्षित राहतात. त्यांच्याकडे जरूर थांबावे. तेथे चित्रकार स्वतः शेजारी बसलेला असतो, त्याच्याशी बोलता येते, आणि दिलेले पैसे थेट त्याच्या हातात जातात.

महोत्सवाचा या परिसराला काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. महोत्सव भरवणारी काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली ती मुळात या वारसा परिसराच्या जतनासाठी. फोर्टमधील रतनसी मूळजी जेठा कारंजे आणि बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा यांचा जीर्णोद्धार या संस्थेच्या पुढाकाराने झाला. कला महोत्सवाच्या निमित्ताने लोकांना या इमारतींची सवय झाली, त्यांच्याबद्दल आपुलकी वाटू लागली, हे मला तितकेच मोलाचे वाटते. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला, त्यातील अनेक वास्तू महोत्सवाच्या एका संध्याकाळच्या वाटेवरच आहेत.

लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर?

मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आणि कार्यशाळा असतात, त्या बहुधा दिवसा होतात. संध्याकाळी सहानंतर रॅम्पार्ट रोवर कडेवरच्या मुलाला किंवा बाबागाडीला नेऊ नये. वयस्करांसाठी तीन ठिकाणांऐवजी दोनच ठेवावीत, आणि ती एकमेकांशेजारची असावीत. ग्रंथालयाची बाग आणि वस्तुसंग्रहालयातले सभागृह ही जोडी त्यांना झेपते. जुन्या इमारतींमध्ये पायऱ्या असतात, म्हणून चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या स्वयंसेवकाला आधी विचारून घ्यावे.

कसे यावे आणि रात्री कसे परतावे?

स्वतःची गाडी आणू नये. रॅम्पार्ट रो महोत्सवात वाहनांना बंद असतो आणि आसपास गाडी उभी करण्यासाठी जागा शोधण्यात संध्याकाळचा पहिला तास जातो. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळे वांद्रे, अंधेरीकडून येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानकावर उतरून काही मिनिटांत कोणत्याही ठिकाणी पोहोचता येते. मात्र लोकलच्या तुलनेत मेट्रो लवकर बंद होते, हे परतताना ध्यानात ठेवावे. मैदानातला कार्यक्रम दहाला संपला की सर्वजण एकदम टॅक्सीच्या मागे धावतात. हार्बर आणि मध्य रेल्वेच्या प्रवाशांनी क्रॉस मैदानातून महापालिका मार्गाने टर्मिनसकडे चालत निघावे, पश्चिमेच्या प्रवाशांनी चर्चगेट गाठावे, आणि कर्जत, कसारा किंवा विरारकडे जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.